बॅलिनाराचं माहेर

रेणू पाटणकरला मेलेल्या माणसांचा कंटाळा आला होता. जिवंत माणसांचा त्याच्याही आधी आला होता, पण ते बोलायची सोय नव्हती.

पार्सिपनीच्या लायब्ररीत वरच्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनच्या पलीकडे, एक बिनखिडकीची खोली होती. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी रेणू तिथे बसे. लोक येत आणि आपले पूर्वज मागत.

"माझे पणजोबा आयर्लंडहून आले."

"आयर्लंडात कुठून?"

"आयर्लंडहून!"

म्हणजे एखाद्याला 'गाव कुठलं हो आपलं?' म्हणून विचारावं आणि त्यानं छाती काढून 'आशिया' म्हणावं, त्यातली गत. मग रेणू चष्मा पुसून कामाला लागे. इंग्लंडवाले त्यातल्या त्यात बरे. दर दहा वर्षांनी शिरगणती आणि ती नीट जपून ठेवलेली. स्कॉटलंडवाले तर इतके काटेकोर की मेलेल्या माणसाच्या दाखल्यावर त्याच्या आईचं माहेरचं आडनावसुद्धा लिहून ठेवत. आयर्लंडचं मात्र सगळं त्रांगडं. जुन्या शिरगणतीचे काही कागद आगीत गेले, काही सरकारनंच रद्दीत घातले. तिथला माणूस शोधायचा तर चर्चची बाप्तिस्म्याची वही, शेतसाऱ्याची यादी आणि आपलं नशीब, एवढ्यावर भागवायचं.

त्यात प्रत्येकाला पूर्वजांत एखादा सरदार हवा असे. सरदार नसेल तर निदान घोडेचोर. बटाटे खणणारा मजूर कुणालाच नको असे आणि निघे नेमका तोच. मग रेणू तोंड भरून म्हणे, "व्हेरी हार्डवर्किंग पीपल!" हे वाक्य दिवसातून चार वेळा म्हणावं लागे. घरी येऊन कुकर लावताना जबडा दुखे.

ती अकोल्याची. वडील भूमी अभिलेख कार्यालयात कारकून होते आणि जुने मोडी कागद वाचून देत. त्यांच्या मांडीशी बसून तिनं एवढंच शिकून घेतलं होतं, की अक्षर मुंग्या चालल्यासारखं असलं तरी त्याला भ्यायचं नाही. लिहिणारा माणूस दमलेला होता, हे लक्षात ठेवलं की वाचता येतं. त्र्याण्णव साली लग्न होऊन ती न्यू जर्सीला आली ती नवऱ्याच्या व्हिसावर. नोकरी करायला बंदी, पण फुकट राबायला कुणाची ना नव्हती. लायब्ररीनं तिला जुन्या याद्या उतरवायला बसवलं. पुढे ग्रीन कार्ड आलं, पगार आला, केस पांढरे झाले. खोली तीच राहिली.

"आमच्या हिला ना," शशिकांत पाहुण्यांना सांगे, "कुठल्याही ओब्रायनच्या खापरपणजीचं नाव विचारा. झोपेत सांगेल. माझ्या आत्याचं तेवढं विचारू नका, उगाच बिचारीला ताण."

शशिकांत पुण्याचा. पाहुणे हसत. तीस वर्षं पाहुणे याच जागी हसत आले होते.

अशात गेल्या मार्चमध्ये मिस टायनन आल्या. बर्नाडेट टायनन, वय अठ्ठ्याऐंशी. चाळीस वर्षं चौथीच्या वर्गाला शिकवून निवृत्त झालेल्या. काठी टेकत आल्या, खुर्ची ओढली आणि हजेरी घ्यावी तशा रेणूकडे पाहत म्हणाल्या, "तुझं नाव?"

"रेणू."

"रेणू. माझी बहीण रीटा जानेवारीत गेली. आम्ही दोघी साठ वर्षं एका घरात राहिलो, दोघींनीही लग्न केलं नाही, आणि साठ वर्षांत तिनं माझं एकदाही ऐकलं नाही. जाताना म्हणाली, बर्नी, आजी जिथे जन्मली तिथे मला ठेव. मी म्हटलं, ठेवते. आता मला सांग, आजी कुठे जन्मली?"

"तुम्हाला काय माहीत आहे?"

"नाव होनोरा मॅकगॅरी. लेट्रिम काउंटी. एवढंच. आजी आयर्लंडबद्दल कधी बोलली नाही. विचारलं की म्हणायची, बटाटे सोल."

रेणूला ही बाई आवडली. लायब्ररीत येणारं कुणी आवडून तिला बरीच वर्षं झाली होती.

दोन महिने शोध चालला. ड्रमकॅरा नावाच्या गावच्या वहीत मॅकगॅरी नवरा-बायको सापडले. बाप जेम्स, आई ब्रिजेट, माहेरची फ्लिन. पाच मुलं, पाचांचे बाप्तिस्मे तिथलेच. पण होनोरा नव्हती. ती सापडली तिथून चौदा मैलांवरच्या बॅलिनारात, १८६३ च्या जानेवारीत. आईबाप तेच, पण गाव भलतंच. इंटरनेटवर ज्यांनी ज्यांनी या मॅकगॅरींची वंशावळ मांडली होती, त्या सगळ्यांनी ही होनोरा वेगळी म्हणून सोडून दिली होती. चौदा मैल लांब कोण कशाला जाईल पोर जन्माला घालायला?

रेणूनं तारखा पाहिल्या. लग्न आदल्या वर्षीचं. म्हणजे होनोरा थोरली, पहिली. आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पहिलं बाळंतपण! ब्रिजेट माहेरी गेली असणार!

तिनं बॅलिनाराची शेतसाऱ्याची यादी उघडली. त्यात फ्लिन होते. एक घर, दोन एकर जमीन, जॉन फ्लिन. झालं. हा ब्रिजेटचा बाप.

रेणूचा एक नियम होता. सगळे कागद येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. काउंटीच्या दफ्तरखान्याला तिनं सवयीनं एक चौकशीचं पत्रही टाकलं होतं. त्याचं उत्तर यायचं होतं. पण त्याच आठवड्यात नैनाचा फोन आला होता. नैना, तिची एकुलती एक मुलगी, नवरा देवांगबरोबर टेक्सासमध्ये प्लेनोला असते. तिला दिवस गेले होते.

"मग तू आठव्या महिन्यात इकडे ये हं. मी सगळं करते."

"मॉम. माय डॉक्टर इज हिअर. माय हॉस्पिटल इज हिअर. देवांग इज हिअर."

"अगं, पण पहिलं बाळंतपण माहेरी..."

"यू कम टू प्लेनो ना. गेस्ट रूम इज रेडी. वी गॉट अ न्यू मॅट्रेस."

रेणूनं 'बरं' म्हणून फोन ठेवला. तिची स्वतःची डिलिव्हरी पंच्याण्णव साली इथेच झाली होती. आईचा व्हिसा झाला नव्हता. शशिकांत कॉरिडॉरमध्ये चकरा मारत होता, आणि लेबर रूममध्ये हात धरायला होती खालच्या मजल्यावरची पद्मिनी, जिची ओळख होऊन पुरते चार महिने झाले नव्हते. माहेर नावाची वस्तू रेणूच्या हातून एकदा निसटली होती आणि आता दुसऱ्यांदा निसटत होती.

म्हणून मिस टायनन पुढच्या मंगळवारी आल्या तेव्हा तिला राहवलं नाही.

"आमच्याकडे एक पद्धत आहे," ती म्हणाली. "बाई पहिल्या वेळी आईकडे जाते. आई तिला न्हाऊमाखू घालते, डिंकाचे लाडू देते, शेक देते. आम्ही त्याला माहेर म्हणतो. तुमची पणजी माहेरी गेली होती. बॅलिनारा तिचं माहेर. तुमची आजी आपल्या आजीच्या हातात जन्मली."

मिस टायनननी काठीवर दोन्ही हात ठेवले.  मग म्हणाल्या, "तिच्या आईनं तिला घरी आणलं होतं तर."

"हो."

"रीटाला हे आवडलं असतं. रीटाला काय, काहीही आवडायचं. पण मलासुद्धा आवडलं."

बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्ममाता, म्हणजे चर्चमध्ये बाळाला हातात धरणारी, म्हणून मेरी टाय असं एक नाव होतं. ही कोण, असं मिस टायनननी विचारलं. "शेजारीण असेल," रेणू म्हणाली. "माहेरी शेजारणी असतातच."

मिस टायननना एकदा जागा मिळाली म्हटल्यावर त्या थांबल्या नाहीत. बॅलिनाराच्या चर्चला पत्र गेलं. पाद्र्यानं टॉम फ्लिन नावाच्या एकोणऐंशी वर्षांच्या शेतकऱ्याशी गाठ घालून दिली. हा त्याच जॉन फ्लिनचा खापरपणतू. तो दर रविवारी फोन करू लागला. अमेरिकेत चुलत बहीण निघाली म्हणून गावभर सांगून आला. फ्लिन घराण्याच्या जुन्या थडग्यात रीटाच्या अस्थींना जागा द्यायचं त्यानं कबूल केलं. थडग्यावर लावायचा छोटा दगड ठरला. त्यावर रीटाचं नाव, तारखा आणि खाली दोन शब्द, 'अखेर घरी'. सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी विमान होतं. दगडावर अक्षरं कोरायला पाथरवट त्याच आठवड्याच्या सोमवारी बसणार होता.

त्याच्या आधीच्या शुक्रवारी दफ्तरखान्याचं उत्तर आलं. चार महिन्यांनी. उशिराबद्दल दिलगिरी, सोबत एका पानाची प्रत जोडली आहे.

रेणूनं पान उघडलं आणि वाचलं. पुन्हा वाचलं. मग लॅपटॉप मिटला आणि भाजी निवडायला बसली. शशिकांतनं दोनदा विचारलं, काय झालं. तिसऱ्यांदा तिनं सांगितलं.

"ती माहेरी गेली नव्हती. वर्कहाउसमध्ये जन्मली."

"म्हणजे?"

"बॅलिनाराच्या वेशीबाहेर सरकारी वर्कहाउस होतं. ज्याला घर नाही, खायला नाही, त्यानं शेवटी तिथे जायचं. आपल्याकडे दुष्काळात छावण्या असत ना, तसंच, पण भिंतीतलं. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. ब्रिजेट तिथे एकटी गेली, आठवा महिना असताना. नकाशावर ती इमारत होती, शशी. मी पाहिली होती. एवढी मोठी. पण मला फक्त ते दोन एकर दिसले."

शशिकांतनं समोरची खुर्ची ओढली. 

"आणि ते फ्लिन?"

"त्यांचा हिच्याशी काही संबंध असल्याचा पुरावा नाही. लेट्रिममध्ये फ्लिन म्हणजे आपल्याकडे कुलकर्णी. मी परक्याच्या थडग्यात त्या बाईच्या बहिणीला नेऊन ठेवते आहे."

"मग नको सांगूस," शशिकांत म्हणाला. "मेलेलीला काय कळणार आहे? म्हातारीला काय कळणार आहे? तो फ्लिन खूश, ही खूश. सत्याचा एवढा पुळका कशाला? तू काय हरिश्चंद्राच्या घराण्यातली?"

"मी कारकुनाच्या घराण्यातली आहे," रेणू म्हणाली आणि गवारीच्या शिरा ओढत राहिली.

शनिवारी लायब्ररी आटोपल्यावर पद्मिनीबरोबर आयसेलिनच्या भारतीय दुकानांत जायचं ठरलेलं होतं. नैनासाठी डिंक, खारीक आणि खोबरं घ्यायचं होतं. ओक ट्री रोडवर पार्किंगसाठी तीन चकरा झाल्या. दुकानात एक बाई भाव करत होती, तिचा मुलगा फोनवर "यार, आय ॲम स्टक विथ मॉम" म्हणत होता आणि रेणू डिंकाच्या पाकिटांसमोर नुसती उभी होती.

पद्मिनी नागपूरची. तीस वर्षं न्यू जर्सीत राहून तिच्या बोलण्याचा टवकाही उडाला नव्हता. रेणूचं वऱ्हाडी मात्र शशिकांतनं आणि अमेरिकेनं मिळून घासूनपुसून काढलं होतं. पद्मिनी समोर आली की तेवढं ते वर येई.

"अवं, तू काय विचार करून राहिली? डिंक घे नं."

रेणूनं तिथेच, मसाल्यांच्या रांगेत, सगळं सांगितलं.

पद्मिनीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग सांगून टाक नं वं."

"तिला काय वाटंल? अठ्ठ्याऐंशी वर्षांची हाय ती. मी तिला लाडवांचं सांगून आली. आता सांगू का तिची पणजी फाटक्या लुगड्यात उघड्यावर गेली?"

"काहून, तुला लाज वाटून राहिली का तिच्या पणजीची?"

"माझी वाटून राहिली. माझ्या चुकीची."

"मग असं म्हण नं. उगाच तिच्या नावावर रडू नको." पद्मिनीनं डिंकाची दोन पाकिटं उचलून तिच्या टोपलीत टाकली. "अन् तूच म्हणत होती, थडगं दुसऱ्याचं हाय. दुसऱ्याच्या घरात न विचारता मुक्कामाला जाते का कोणी? विचारावं तर लागंल."

रविवारी चर्चमधून परत आल्यावर मिस टायनन एकट्या असत. रेणू साडेअकराला गेली. घर लहान, पडदे इस्त्री केलेले, जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या. एका खुर्चीवर रीटाच्या अस्थींची पेटी ठेवलेली होती, तिच्याभोवती निळा स्वेटर गुंडाळून.

"विमानात थंडी असते," मिस टायनन म्हणाल्या. "बस. तुझा चेहरा गृहपाठ विसरलेल्या पोरासारखा झालाय."

"मी चूक केली, मिस टायनन."

"किती मोठी?"

रेणूनं पानाची प्रत पुढे ठेवली. बाईंनी भिंग उचललं, पाहिलं, खाली ठेवलं. "मला हे अक्षर लागत नाही. तू वाच. सगळं वाच. काही गाळलंस तर मला कळेल."

रेणूनं वाचलं. प्रवेश, दोन जानेवारी १८६३. नाव ब्रिजेट मॅकगॅरी, वय बावीस, विवाहित. नवरा इंग्लंडात मजुरीला गेलेला. धर्म कॅथलिक. अवस्था: गरोदर, कपडे फाटके. राहण्याचं ठिकाण या रकान्यात गावाचं नाव नव्हतं. ज्याला कुठलंच गाव आपलं म्हणत नसे त्याच्यापुढे लिहायचे शब्द होते, 'सर्व युनियन'. म्हणजे सगळ्या तालुक्याची, म्हणजे कुणाचीच नाही. एकोणतीस जानेवारीला मुलगी झाली. तीन एप्रिलला मायलेकी बाहेर पडल्या.

"बाहेर पडून कुठे गेल्या?"

"ते लिहिलेलं नाही. तीन वर्षांनी ड्रमकॅरात पुढचं मूल झालं, तेव्हा नवरा आणि घर दोन्ही होतं."

"आणि मेरी टाय? ती शेजारीण?"

रेणूनं बोट खाली सरकवलं. "त्याच पानावर आहे. मेरी टाय, एकसष्ट, विधवा. तीही आतलीच होती. चर्चमध्ये बाळाला तिनं धरलं."

स्वयंपाकघरात फ्रिज घरघरत होता. मिस टायननचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"तू पुरावा आल्याशिवाय सांगितलंस?"

"हो."

"दोन एकर पाहिलेस आणि गोष्ट रचलीस?"

"हो."

"चौथीतल्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला शून्य दिलं असतं. आणि वर त्याच्या आईला बोलावलं असतं."

"माझी आई नाही आता," रेणू म्हणाली. तिला ते म्हणायचं नव्हतं. थकवा आला की तिच्या तोंडून अशी वाक्यं सुटत. "मला ते खरं असावं असं वाटत होतं. म्हणून झालं. माझ्या वेळी मला माहेर मिळालं नाही, मुलगीही येत नाही म्हणाली. मी तुमच्या पणजीला पाठवून दिलं."

मिस टायनननी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. शिक्षिका जशी पाहते, तसं. खोटं आहे की खरं आहे, की खरं असूनही शिक्षा करायची आहे.

"आजी म्हणायची, बटाटे सोल," अखेरीस त्या म्हणाल्या. "आता कळलं काय सांगायचं टाळत होती. जीझस, मेरी अँड जोसेफ. बावीस वर्षांची पोर." त्यांनी रीटाच्या खुर्चीवरचा स्वेटर उगाच नीट केला. "म्हणजे टॉम फ्लिन आमचा कुणी नाही."

"पुरावा तरी नाही."

"आणि उद्या सकाळी तो पाथरवट 'अखेर घरी' म्हणून कोरायला बसणार. त्या लोकांच्या थडग्यावर."

"म्हणून आजच आले. मी टॉमना फोन करते. चूक माझी आहे."

"चूक तुझी आहे. बहीण माझी आहे. फोन मी करीन. तू नुसता लावून दे, त्या बटणांवर माझं बोट बसत नाही."

तिकडे संध्याकाळ झाली होती. टॉम फ्लिननं उचलला. रेणूनं फोन स्पीकरवर टेबलाच्या मधोमध ठेवला. टॉमची एक खोड होती, तो कुठल्याच प्रश्नाला हो किंवा नाही म्हणत नसे.

"टॉम, तुझ्याकडे दोन मिनिटं आहेत का?"

"आहेत म्हणायची. गाईंना तर नाहीत, पण मला आहेत."

मिस टायनननी सगळं सांगितलं. न थांबता, न रडता, धडा वाचून दाखवावा तसं. वर्कहाउस, फाटके कपडे, मेरी टाय. "तेव्हा तू माझा चुलत भाऊ नाहीस, टॉम. गेले तीन महिने तू दर रविवारी एका परक्या बाईला फोन करतो आहेस. मला वाईट वाटतं. तुझी जागा मी परत करते."

पलीकडे एक कुत्रा भुंकला.  मग टॉम म्हणाला, "त्या वर्कहाउसच्या भिंतीला लागूनच आमचं थडगं आहे, ठाऊक आहे का?"

"नव्हतं."

"इमारत पाडली. आता तिथे पोरं फुटबॉल खेळतात. आत मेलेल्यांना मागे पुरायचे, दगडबिगड काही नाही. आमच्या भिंतीपासून तुमची पणजी झोपली ती खोली..." त्यानं मनात मोजलं असावं. "चेंडू मारला तर इकडे येतो. येतोच. गेल्या आठवड्यात काढून दिला."

"तू मुद्द्यावर ये, टॉम."

"येतोय. आमच्या थडग्यात अकरा जण आहेत. त्यातले दोघं कोण हे आम्हालाही माहीत नाही. बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, असतील कुणीतरी. खड्डा तर काल खणला. त्यात आता पाऊस भरतोय. कॅथलीनला विचारतो."

कॅथलीन त्याची बहीण. फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज आला. आतून दोघांचं पुटपुटणं, एकदा कॅथलीनचा चढलेला सूर, एकदा टॉमचं "अगं, मीही तेच म्हटलं ना!" मिस टायनननी टेबलक्लॉथची कड मुठीत धरली होती. रेणूनं पाहिलं आणि नजर वळवली.

"कॅथलीन म्हणते, येऊ दे तिला," टॉम परत आला. "पण ते 'अखेर घरी' नको. ती म्हणते, मग आमचे अकरा काय लॉजवर उतरलेत?"

मिस टायननच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला. मग त्यांनी रुमाल शोधला, सापडला नाही, आणि रेणूनं पर्समधला कागदी नॅपकिन पुढे केला.

"कॅथलीनला सांग, तिचं बरोबर आहे. आणि टॉम, नातं नसताना मी हे घेणार नाही, असं मला म्हणायला पाहिजे."

"म्हणा ना."

"म्हटलं."

"ऐकलं. शुक्रवारी सकाळी तुम्ही उतराल तेव्हा विमानतळावर कॅथलीन येईल. तिच्या गाडीचा हीटर चालत नाही, गरम कपडे घाला." आणि त्यानं फोन ठेवला. निरोप घ्यायची पद्धत त्याला नव्हतीच.

रेणूला तिथेच टेबलावर डोकं ठेवून झोपावंसं वाटत होतं. पण पाथरवटाला मेल गेल्याशिवाय उठता येणार नव्हतं. तिनं फोन हातात घेतला.

"ते दोन शब्द काढायला सांगते. त्यांच्या जागी काय?"

"काही नको." मग मिस टायनन थांबल्या. "नाही, थांब. ती पणजी 'सर्व युनियन' म्हणून गेली. कुणाचीच नाही म्हणून. रीटाच्या पायाशी तसं कोरं नको. गाव लिही."

"कुठलं गाव?"

"कुठलं म्हणजे? माणूस जिथे पंच्याऐंशी वर्षं राहिला ते. पार्सिपनी, न्यू जर्सी."

रेणूनं टाइप केलं. रीटा टायनन. तारखा. पार्सिपनी, न्यू जर्सी. अक्षर न अक्षर दोनदा तपासलं.

"पाठवू?"

"मला वाचून दाखव आधी," मिस टायनन म्हणाल्या. "तुझ्यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही."

रेणूनं मोठ्यानं वाचून दाखवलं. मिस टायनननी मान हलवली, आणि तिनं पाठवलं.